‘गेट’च्या पुढे काय येतं ते बघा

इंग्रजी शिकताना लांबलचक शब्दांची भीती वाटते, पण ते शब्द खरं तर फार त्रास देत नाहीत. ‘फोटोसिंथेसिस’ला अर्थ एकच. शब्दकोशात पाहिला, लक्षात ठेवला, काम झालं. दमछाक होते ती दोन-तीन अक्षरांच्या शब्दांनी, आणि त्यातही ‘गेट’ने. (फाटक या अर्थाचा ‘गेट’ हा वेगळा शब्द. त्याचा उच्चार लांब, ‘गेऽट’ असा होतो. इथला ‘गेट’ आखूड आणि तोडका.) शब्दकोश उघडला की मिळणे, मिळवणे, आणणे, होणे, पोहोचणे, समजणे, पकडणे, करवून घेणे अशी रांगच लागते. ती पाठ केली तरी बोलायच्या वेळी त्यातला कुठला अर्थ लागू होतो ते कळत नाही, कारण यादीत अर्थ असतात, पण ते एकमेकांशी कसे जोडलेले आहेत ते नसतं.

या शब्दाची ताकद किती आहे याचा एक चांगला दाखला आहे. १९३० साली सी. के. ऑग्डेन या इंग्रज भाषाभ्यासकाने ‘बेसिक इंग्लिश’ नावाची आटोपशीर इंग्रजी मांडली. परक्या माणसाला लवकर शिकता यावी म्हणून त्याने तिच्यात फक्त ८५० शब्द ठेवले आणि त्यांत क्रियापदं घेतली अवघी १८. ‘रिसीव्ह’, ‘बिकम’, ‘अराइव्ह’, ‘अंडरस्टँड’ ही सगळी त्याने गाळली. ‘गेट’ मात्र ठेवलं. या चारही क्रियापदांचं रोजचं काम ते एकटं करू शकतं हे त्याने हेरलं होतं.

ते कसं करतं, हे समजायला सुरुवात ‘बी’ आणि ‘हॅव’पासून करावी लागते. ही दोन क्रियापदं स्थिती सांगतात. ‘गेट’ त्या स्थितीत येणं सांगतं. ‘आय हॅव अ की’ म्हणजे माझ्याकडे किल्ली आहे, ‘आय गॉट अ की’ म्हणजे मला किल्ली मिळाली. ‘शी इज टायर्ड’ म्हणजे ती थकलेली आहे, ‘शी गॉट टायर्ड’ म्हणजे ती थकली. ‘वी आर हिअर’ म्हणजे आपण इथे आहोत, ‘वी गॉट हिअर’ म्हणजे इथे येऊन पोहोचलो. तिन्ही जोड्यांत फरक तोच आहे: आधी नव्हतं, आता आहे. ‘गेट’च्या मुळाशी हा बदल आहे, आणि माझ्या मते हे एक सूत्र डोक्यात पक्कं बसलं की निम्मी लढाई संपते.

मराठीत आपण या बदलासाठी दर वेळी वेगळं क्रियापद काढतो. वस्तूचा बदल असेल तर ‘मिळणे’, अवस्थेचा असेल तर ‘होणे’, जागेचा असेल तर ‘पोहोचणे’, डोक्यातला असेल तर ‘कळणे’. इंग्रजी ‘गेट’ तेच ठेवते आणि बदल कसला आहे हे पुढच्या शब्दाला सांगू देते. म्हणून वाक्यात ‘गेट’ दिसलं की त्याचा अर्थ आठवत बसू नका. पुढे काय आलंय ते बघा.

पुढे नाम आलं तर काहीतरी आपल्याकडे आलेलं असतं. ‘आय गॉट अ लेटर’, पत्र मिळालं. ‘आय गॉट अ कोल्ड’, सर्दी झाली. ‘आय गॉट द लास्ट ट्रेन’, शेवटची गाडी पकडली. ‘गेट मी अ चेअर’, मला खुर्ची आणून दे. ‘आय गॉट द जोक’, विनोद कळला. मराठीत पाच वाक्यांना पाच क्रियापदं लागली. इंग्रजीला एकच पुरलं, कारण पत्र, सर्दी, गाडी, खुर्ची आणि विनोद, पाचही गोष्टी ‘माझ्याजवळ नव्हत्या, आता आल्या’ एवढंच तिला म्हणायचं आहे.

मराठी माणूस अडखळतो तो याच ठिकाणी, आणि त्याचं कारण आपल्या व्याकरणात आहे. ‘मला पत्र मिळालं’ या वाक्यात कर्ता पत्र आहे. मी नुसता ‘मला’ म्हणून बाजूला उभा आहे, काही केलेलं नाही. खटपट केली असेल तर आपण ‘मी मिळवलं’ म्हणतो. आपोआप येणं आणि प्रयत्नाने आणणं यांत मराठी काटेकोर भेद करते. इंग्रजी ‘आय गॉट’ हा भेद करतच नाही. ‘आय गॉट द जॉब’ याचा अर्थ नोकरी मिळाली असाही होतो आणि मिळवली असाही. प्रयत्न होता की नशीब, हे आजूबाजूच्या बोलण्यातून कळतं. शब्दातच ते शोधायला गेलं तर सापडणार नाही.

पुढे विशेषण आलं तर ‘होणे’. ‘गेट अँग्री’, ‘गेट वेट’, ‘गेट ओल्ड’, ‘गेट डार्क’. चिडणे, भिजणे, म्हातारं होणे, अंधार पडणे. हळूहळू होणारा बदल सांगायला ‘इट्स गेटिंग कोल्डर’ सारखी वाक्यरचना फार सोयीची आहे, थंडी वाढत चालली आहे. मात्र नाम आणि विशेषण यांची गल्लत इथे महागात पडते. ‘तो डॉक्टर झाला’ हे ‘ही बिकेम अ डॉक्टर’ असं सांगायचं. ‘ही गॉट अ डॉक्टर’ म्हटलं तर त्याने डॉक्टर बोलावून आणला असा अर्थ होतो, कारण पुढे नाम आहे आणि नामाआधीचं ‘गेट’ म्हणजे मिळणं किंवा आणणं. नियम स्वतःच चूक पकडून देतो. आणखी एक बारकावा: वेड लागणे, आंधळं होणे, अन्न नासणे अशा बिघडण्याच्या गोष्टींना इंग्रजीत बहुतेकदा ‘गो’ लागतं. ‘गो मॅड’, ‘गो ब्लाइंड’, ‘गो बॅड’.

पुढे जागा आली तर ‘पोहोचणे’. ‘आय वेंट होम ॲट टेन’ आणि ‘आय गॉट होम ॲट टेन’ ही वाक्यं सारखी वाटतात, पण पहिल्यात दहाला घरी जायला निघालो असंच बहुधा समजलं जातं आणि दुसऱ्यात दहाला दारात होतो. ‘गेट’मध्ये प्रवासाचा शेवट असतो. त्यात थोडी अडचण पार केल्याची छटाही असते, म्हणून कुलूप असलेल्या खोलीत कुणी दिसलं तर ‘हाउ डिड यू गेट इन?’ असं विचारतात, तू आत आलास तरी कसा? ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ यांच्या आधी ‘टू’ लागत नाही, बाकी ठिकाणांना लागतं: ‘गेट टू द स्टेशन’.

वाहनांच्या बाबतीत ‘गेट इन’ की ‘गेट ऑन’ हा प्रश्न नेहमी पडतो. मोटारीला ‘इन’ आणि ‘आउट’, बस, रेल्वे, विमान, जहाज यांना ‘ऑन’ आणि ‘ऑफ’. जिथे आत उभं राहून चालता येतं तिथे ‘ऑन’, जिथे वाकून शिरून बसावं लागतं तिथे ‘इन’. ज्यांच्यावर बसतो त्या सायकल आणि घोड्यालाही ‘ऑन’च. एवढं लक्षात ठेवलं तर बहुतेक ठिकाणी भागतं.

आता या शब्दाचा सगळ्यात देखणा उपयोग. पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं, म्हणजे ‘ब्रोकन’, ‘मॅरीड’, ‘हर्ट’ असं काही, तर कर्मणी प्रयोग तयार होतो. शाळेत आपल्याला कर्मणी प्रयोग ‘बी’ लावून शिकवतात: ‘द विंडो वॉज ब्रोकन’. या वाक्याचे दोन अर्थ होतात हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. एक, खिडकी फोडली गेली. दोन, मी पाहिलं तेव्हा ती फुटलेल्या अवस्थेत होती. घटना आणि अवस्था एकाच वाक्यात मिसळल्या आहेत. ‘द विंडो गॉट ब्रोकन’ म्हटलं की संशय उरत नाही. खिडकी फुटली, घटना घडली. पुन्हा तेच सूत्र: ‘बी’ स्थिती दाखवतं, ‘गेट’ बदल.

मराठीत हा फरक आपण सहज करतो. ‘त्यांचं लग्न झालेलं आहे’ आणि ‘त्यांचं लग्न झालं’ यांत आपली कधी गफलत होत नाही. पहिलं ‘दे आर मॅरीड’, दुसरं ‘दे गॉट मॅरीड’. ‘मागच्या वर्षी लग्न झालं’ हे सांगताना ‘दे वर मॅरीड लास्ट इयर’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला क्षणभर वाटू शकतं की मागच्या वर्षी विवाहित होते, आता नाहीत. ‘गॉट’ वापरलं की तो प्रश्नच येत नाही. कुणाशी लग्न झालं हे सांगताना ‘विथ’ लावू नका, ‘टू’ लावा. मराठीतल्या ‘शी’मुळे हात आपोआप ‘विथ’कडे जातो.

या रचनेला दोन मर्यादा आहेत. जिथे घटना नाही, नुसतं असणं किंवा जाणणं आहे, तिथे ती चालत नाही. ‘ही इज बिलीव्ह्ड टू बी रिच’, तो श्रीमंत आहे असं मानतात, या वाक्यात ‘इज’च्या जागी ‘गेट्स’ घालता येणार नाही. दुसरी मर्यादा सुराची आहे. ‘गॉट अरेस्टेड’, ‘गॉट फायर्ड’, ‘गॉट हर्ट’ यांत बोलणाऱ्याचा जीव गुंतलेला जाणवतो. कुणाच्या तरी वाट्याला काहीतरी आलं, बहुधा वाईट, कधी कधी अनपेक्षित चांगलं, असा सूर लागतो. म्हणून अधिकृत निवेदनात ‘वॉज अरेस्टेड’ येतं आणि तीच बातमी मित्राला सांगताना ‘गॉट अरेस्टेड’ होते.

पुढे आधी वस्तू आणि मग तिसरं रूप आलं तर अर्थ पुन्हा बदलतो, आणि इथली चूक मराठी भाषकांमध्ये इतकी सर्रास आहे की तिच्यासाठी थांबायलाच हवं. आपण ‘मी केस कापले’ म्हणतो तेव्हा बहुधा दुसऱ्याने कापलेले असतात. मराठीत ते चालतं, ऐकणारा समजून घेतो. ‘आय कट माय हेअर’ या इंग्रजी वाक्याचा अर्थ मात्र मी स्वतः कात्री घेऊन आरशासमोर उभा राहिलो असा होतो. दुसऱ्याकडून करवून घेतलं असेल तर ‘आय गॉट माय हेअर कट’. तसंच ‘आय गॉट द कार रिपेअर्ड’, ‘आय गॉट माय आइज टेस्टेड’. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: ‘गेट’, मग वस्तू, मग तिसरं रूप. काम कुणी केलं हे सांगायची गरजच नाही. हीच रचना नको असलेल्या घटनेसाठीही वापरतात. ‘आय गॉट माय फोन स्टोलन’ याचा अर्थ मी फोन चोरवून घेतला असा नाही, तर माझा फोन चोरीला गेला. हेतू होता की फटका बसला, हे प्रसंगावरून कळतं.

वस्तूऐवजी माणूस आला तर मध्ये ‘टू’ येतो: ‘आय गॉट हिम टू साइन’, मी त्याच्याकडून सही करवून घेतली. ‘मेक’ आणि ‘हॅव’ या क्रियापदांना हा ‘टू’ लागत नाही: ‘आय मेड हिम साइन’, ‘आय हॅड हिम साइन’. अर्थही वेगवेगळे आहेत. ‘मेक’मध्ये जबरदस्ती, ‘हॅव’मध्ये सांगितलं आणि त्याने केलं, आणि ‘गेट’मध्ये मनधरणी. त्याला पटवावं लागलं.

थेट ‘टू’ आणि क्रियापद आलं तर मराठीत त्याला अगदी चपखल जोड आहे. ‘आय गॉट टू मीट हर’ म्हणजे मला तिला भेटायला मिळालं. ‘करायला मिळणे’ ही आपली रचना आणि ही इंग्रजी रचना यांत काडीचाही फरक नाही, संधी लाभली एवढंच दोन्ही सांगतात. पण याच्याशेजारी एक फसवी वाट आहे. ‘मला काल कळलं’ याचं ‘आय गॉट टू नो यस्टरडे’ असं भाषांतर आपल्याकडे सगळीकडे ऐकू येतं. आपल्या आपल्यात ते समजतं, पण बाहेरच्या इंग्रजी भाषकाला ‘गेट टू नो’ म्हणजे हळूहळू ओळख होत जाणं वाटतं: ‘वी गॉट टू नो ईच अदर’, आमची एकमेकांशी ओळख वाढली. बातमी कळली असेल तर ‘आय फाउंड आउट यस्टरडे’ किंवा ‘आय हर्ड अबाउट इट यस्टरडे’ म्हणावं.

तशीच दुसरी सवय चालू काळाची. ‘मला वेळ मिळत नाहीये’ डोक्यात असतं, म्हणून तोंडातून ‘आय ॲम नॉट गेटिंग टाइम’ येतं. इंग्रजीत त्यासाठी ‘आय कान्ट फाइंड द टाइम’ स्वाभाविक वाटतं. ‘तुझं बोलणं कळत नाहीये’ यासाठी ‘आय ॲम नॉट गेटिंग यू’ऐवजी ‘आय डोन्ट गेट इट’. समजण्याच्या अर्थाने ‘गेट’ साध्या काळात राहतं. अवस्था बदलण्याच्या अर्थाने मात्र चालू काळ अगदी बरोबर: ‘इट्स गेटिंग लेट’.

‘समजणे’ हा अर्थ ‘गेट’ला कसा चिकटला, याचं उत्तर शब्दाच्या इतिहासातही आहे. हा शब्द मूळचा इंग्लंडचा नाही. आठव्या शतकाच्या अखेरीस स्कँडिनेव्हियातले व्हायकिंग इंग्लंडवर चालून आले. ७९३ साली त्यांनी लिंडिसफार्नचा मठ लुटला, आणि पुढच्या शतकात त्यांच्यातले पुष्कळ जण तिथेच वस्ती करून राहिले. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतला ‘गेता’ शेजाऱ्यांच्या बोलण्यात मिसळला आणि ‘गेट’ झाला. ‘एग’, ‘स्काय’, ‘विंडो’, ‘टेक’, अगदी ‘दे’सारखं सर्वनामसुद्धा याच वाटेने आलं. जुन्या इंग्रजीतही याच कुळातला एक धातू होता, पण त्यातला ‘ग’ ‘य’सारखा मऊ उच्चारला जाई. आजचा कणखर ‘ग’ नॉर्सकडून आला. ‘फर्गेट’मध्ये तोच जुना धातू दडलेला आहे, हातातून सुटणं म्हणजे विसरणं. त्याहून मागे गेलं की धातूचा अर्थ ‘धरणे, पकडणे’ असा सापडतो, आणि लॅटिनमधलं ‘प्रेहेंदेरे’ त्याचं दूरचं भावंड ठरतं, ज्यातून ‘कॉम्प्रिहेंड’ आला. म्हणजे ‘आय गेट इट’ आणि ‘आय कॉम्प्रिहेंड इट’, एक घरगुती आणि एक भारदस्त, ही दोन्ही वाक्यं मुळात ‘मी ते पकडलं’ एवढंच म्हणतात.

भूतकाळात ‘गॉट’, पण तिसरं रूप ‘गॉट’ की ‘गॉटन’? १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘गॉटन’ आहे. नंतर इंग्लंडमध्ये ते मागे पडलं आणि ‘फरगॉटन’, ‘इल-गॉटन’ अशा जोडशब्दांत उरलं. अमेरिकेत मात्र ते आजही रोजच्या वापरात आहे, आणि अमेरिकन माणूस दोन्ही रूपं वेगळ्या कामाला लावतो. ‘आय हॅव गॉट अ तिकीट’ म्हणजे माझ्याकडे तिकीट आहे. ‘आय हॅव गॉटन अ तिकीट’ म्हणजे मी ते मिळवलं आहे. ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला जायलाच हवं, ‘आय हॅव गॉटन टू गो’ म्हणजे मला जायला मिळालं आहे. ब्रिटिश ‘हॅव गॉट’ हे ‘हॅव’चंच बोलीतलं रूप आहे. इथे मात्र ‘गॉट’ बदल सांगत नाही, नुसतं जवळ असणं सांगतं. सूत्राला असलेला हा मोठा अपवाद.

‘गेट’ला छोटी अव्ययं जोडून होणाऱ्या जोड्या अनेक आहेत, पण जागेचं चित्र डोळ्यांसमोर ठेवलं तर बऱ्याच आपोआप उलगडतात. ‘गेट ओव्हर’ म्हणजे वरून पलीकडे जाणं, भिंत असो की आजारपण, की मनाला लागलेला घाव. ‘गेट थ्रू’ म्हणजे आतून पार होणं, गर्दीतून, परीक्षेतून, फोन लागण्यापर्यंत. ‘गेट अक्रॉस’ म्हणजे आपलं म्हणणं समोरच्यापर्यंत पोहोचवणं. ‘गेट बाय’ म्हणजे जेमतेम निभावणं. ‘गेट अवे विथ’ म्हणजे काहीतरी चुकीचं करून त्याची शिक्षा न भोगता सुटणं, यासाठी मराठीत एकच शब्द नाही, ‘पचवणं’ त्याच्या सगळ्यात जवळ जातं. ‘गेट यूज्ड टू’ म्हणजे सवय होणं. त्यापुढे क्रियापद ‘इंग’ लावून येतं: ‘आय गॉट यूज्ड टू वेकिंग अर्ली’. ‘आय यूज्ड टू वेक अर्ली’ म्हणजे मी पूर्वी लवकर उठत असे. या दोन्हींतली सरमिसळ फार होते.

उरला प्रश्न लिहिण्याचा. पुष्कळ शिक्षक लेखनात ‘गेट’ टाळायला सांगतात, आणि अर्जात किंवा अहवालात ते योग्यच आहे. तिथे ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘बिकम’, ‘अराइव्ह’, ‘पर्स्वेड’ यांपैकी नेमका शब्द घ्यावा. पण हा सल्ला सरसकट पाळला तर बोलणं आखडतं. भिजलेल्या माणसाने ‘आय बिकेम वेट’ म्हटलं तर ते पुस्तकी वाटतं. ‘गेट ड्रेस्ड’, ‘गेट लॉस्ट’, ‘गेट रेडी’, ‘गेट मॅरीड’ यांना रोजच्या बोलण्यात धड पर्यायच नाहीत, आणि ती पत्रात आली तरी कुणी नाक मुरडत नाही. ‘गेट लॉस्ट’ तेवढं जपून वापरावं. ‘वी गॉट लॉस्ट’ म्हणजे आम्ही वाट चुकलो, पण आज्ञा म्हणून नुसतंच ‘गेट लॉस्ट’ म्हटलं तर त्याचा अर्थ ‘चालता हो’.